लांब नावाचा गड

या सभेचे अध्यक्ष माननीय शिवानंद सर, ज्यांना निरोप द्यायला आपण सारे जमलो त्या आदरणीय हेमावती मॅडम, व्यासपीठावरचे मान्यवर, आडवाट गिर्यारोहण मंडळाची कार्यकर्ती मंडळी, समोर बसलेले पालक, माता-भगिनी, आणि ज्यांच्यामुळं आम्हा म्हाताऱ्यांची झोप उडाली ती सगळी पोरं-पोरी, आपणा सर्वांना माझं शरणू शरणार्थी.

बोलायला सुरुवात करण्याआधी एक विनंती. ती समई पडद्याच्या फार जवळ आहे. पंख्याच्या वाऱ्यानं ज्योत तिकडंच झुकतेय. कुणीतरी हातभर इकडं ओढा. हळू, तेल सांडेल. हां. आता माझं बोलण्यात लक्ष लागेल. हसा, हसा. मघापासून सत्काराची एवढी छान भाषणं झाली, पण माझा अर्धा जीव त्या पडद्यात होता.

माझं नाव ईरप्पा. मधल्या मारुतीजवळ आमचं दोर, सुतळी आणि ताडपत्रीचं दुकान आहे. आता दुकान मुलगा गुरुराज बघतो आणि मी शेजारी बसून त्याचं डोकं खातो. शिक्षण सातवीपर्यंत, तेही अर्धं कानडीत, अर्धं मराठीत. शिवानंद सर दुकानात येऊन म्हणाले, "काका, पालकांच्या वतीनं तुम्हीच दोन शब्द बोला." मी म्हणालो, सर, मला भीतीशिवाय दुसरं काही बोलता येत नाही. ते म्हणाले, "मग तेच बोला की." तेव्हा आता ऐकावं लागेल.

पण मंडळी, आज मी नुसता पाहुणा म्हणून उभा नाही. उद्या सकाळच्या गाडीनं मॅडम सोलापूर सोडून चालल्यात. हिमालयात, तिथल्या शिबिरात शिकवायला, कायमच्या. आणि त्याच गाडीनं माझी नात पायल महिन्याभराच्या प्रशिक्षणाला जायची आहे. जायची आहे, एवढंच म्हणतो. जाणार आहे, असं अजून माझ्या तोंडून निघत नाही. आमच्या घरात कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की थोरला माणूस त्याच्या कपाळाला विभूती लावतो. आमच्या घरात थोरला मी. पायलनं मला सांगून ठेवलंय, "अज्जा, तुम्ही विभूती लावली तरच जाईन. नाही लावली तर पिशवी सोडून ठेवते, रडणार पण नाही." तिची पिशवी बांधून कोपऱ्यात उभी आहे. येता-जाता मला ती दिसते. विभूतीची डबी माझ्या या खिशात आहे. कालपासून तिथंच आहे. मी तिचं झाकण उघडलेलं नाही.

आता मला सांगा, सोलापूरच्या माणसाला डोंगराशी काय करायचं आहे? आपल्याकडं उंच म्हणजे गिरणीची चिमणी नाहीतर पाण्याची टाकी. मोहोळकडं जा, बार्शीकडं जा, अक्कलकोटकडं जा, नजर जाईल तिथवर ज्वारी आणि तूर. घसरून पडायचं म्हटलं तरी जागा सापडत नाही. अशा सपाट गावात ही बाई आली, शाळेत खेळाची शिक्षिका झाली, आणि आमच्या पोरांना दोराला टांगायला लागली.

पायल अकरावीत असताना पहिल्यांदा गेली. मी गुपचूप पाठोपाठ रिक्षानं गेलो. गावाबाहेर दगडाची जुनी खाण आहे, तिथं यांचा वर्ग चालतो. बघतो तर माझी नात खाणीच्या कड्याला पालीसारखी चिकटलेली! मी खाली धावलो. का धावलो? पडली तर झेलायला. या वयात, या हातांनी. तेवढ्यात मॅडम वरून ओरडल्या, "ओ काका! दगडाखाली उभे राहू नका! आधी बाजूला व्हा!" मी बाजूला झालो. मग त्या खाली आल्या आणि काही न विचारता माझ्या टोपीवर हेल्मेट चढवलं. म्हणाल्या, "इथं प्रेम करायचं असेल तर हेल्मेट घालून करायचं." सगळी पोरं फिदीफिदी हसली. सगळ्यात जास्त पायल.

पुढच्या रविवारी मी दुकानातला काथ्याचा उत्तम दोर घेऊन गेलो. म्हटलं, दोरातलं आपल्याला कळतं. तुमचा तो रंगीत दोर करंगळीएवढा, आणि हा बघा मनगटाएवढा. मॅडमनी तो हातात घेतला, वळून बघितला, आणि अदबीनं परत दिला. "काका, दोर झकास आहे. बैल बांधायला. पण पोरगी पडली तर दोर थोडा ताणला गेला पाहिजे, त्यानं झटका गिळला पाहिजे. हा ताणला जात नाही. पोरगी वाचेल, कंबर मोडेल." पन्नास वर्षं दोर विकला, पण दोरानं झटका गिळायचा असतो हे मला त्या दिवशी समजलं. घरी येताना रिक्षात तो दोर मांडीवर घेऊन बसलो होतो.

मग मी दर रविवारी जायला लागलो. सावलीत बसायचो, हेल्मेट घालून. उन्हाळ्यात तर काय सांगू, खाणीचा दगड तव्यासारखा तापायचा. मॅडम पोरांना आधी पाणी प्यायला लावायच्या, मग बोलायच्या. कुणाचं डोकं दुखतंय, कुणाला मळमळतंय, हे लपवलं तर त्या दिवशी दोराला हात लावू द्यायच्या नाहीत. आमच्या सुनेनं, चंद्रिकानं, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली, तर त्यावरही नियम. "पाणी कमी असेल तर चटणीला हात लावायचा नाही. भाकरी चालेल. चटणी तहान वाढवते." मला सांगा, सोलापुरात कुणी चटणीवर असं बोललंय?

पण मला सगळ्यात नवल वाटलं ते त्यांच्या विचारण्याचं. कड्यावर चढायच्या आधी वर जाणारा आणि खालून दोर धरणारा, दोघं समोरासमोर उभे राहतात. एकमेकांच्या गाठीला हात लावून बघतात. मग मोठ्यानं बोलतात. "गाठ बघितली?" "बघितली." "दोर धरला?" "धरला." "निघू?" "नीघ." खालच्यानं "नीघ" म्हटल्याशिवाय वरचा पाऊल उचलत नाही. मी म्हटलं, मॅडम, दोघं शेजारी उभे आहेत, एकमेकांना दिसतंय, मग एवढं ओरडायचं कशाला? त्या म्हणाल्या, "काका, दिसतंय म्हणून गृहीत धरलं की माणूस मरतो. विचारायचं. उत्तर ऐकायचं. मग निघायचं."

इथंच माझं आणि त्यांचं अडलं. कारण आमच्या घरात नेमकं उलटं.

आमच्याच कशाला, तुमच्याही. इथं बसलेल्यांपैकी कितीजण घरातून बाहेर पडणाऱ्या माणसाला "कुठं निघालास?" असं विचारतात? कुणी विचारलं तर काय होतं? "झालं! कुठं केलंस! आता कसलं काम होतंय!" मग त्या माणसाला परत आत बोलावायचं, पाटावर बसवायचं, पाणी पाजायचं आणि नव्यानं निघायला लावायचं. आमच्या घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालतं. "एल्लिगे" हा शब्द उंबऱ्यावर बंद, "कुठं" हाही बंद. फारच जिवाला लागलं तर विचारायचं, "लांब?" समोरचा म्हणतो, "हो, लांब." झालं बोलणं. माझ्या आजोबांनी माझ्या बापाला विचारलं नाही, बापानं मला विचारलं नाही. मी गुरुराजला कधी विचारलं नाही. अपशकून नको म्हणून. माणूस सुखरूप यावा म्हणूनच हो. दुसरं काय?

गेल्या वर्षी गणपती बसवून उठवले, त्यानंतरची गोष्ट. मॅडम आठवडाभर बाहेरगावी होत्या. पायल, तिच्या वर्गातली ऋतुजा आणि शेजारच्या पेठेतला नंदीश, तिघांनी ठरवलं, आपण आपलं एका गडावर जाऊन यायचं. तिघंही आता कॉलेजात, वीस वर्षांचे, शिकलेले. शुक्रवारी संध्याकाळी पायल दारात बुटाची नाडी बांधत बसली. बांधून झाली तरी उठेना. पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. मी आत खुर्चीत. मी विचारलं, "लांब?" ती म्हणाली, "हो अज्जा, लांब." मी विभूती लावली. ती गेली.

ऋतुजाचे वडील मूळचे मोहोळकडचे शेतकरी. त्यांनीही तेच विचारलं असणार, "लांब चाललीस व्हय?" झालं.

शनिवारी रात्री पोरं यायची होती. आली नाहीत. आम्ही म्हटलं, बस चुकली असेल. रविवारी सकाळी चहा झाला, नाश्ता झाला, पोरगी नाही. फोन लावला की ती बाई सांगायची, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मी त्या बाईला इतक्यांदा ऐकलं की शेवटी तिच्यावरच चिडलो. चंद्रिका देवघरासमोर बसून राहिली, उठवलं तरी उठेना. गुरुराजनं दुकान उघडलं नाही.  रक्तदाबाची गोळी घेतली की नाही ते आठवेना, म्हणून भीतीनं दुसरी घेतली नाही आणि भीतीनंच घाबरत बसलो.

तुम्हाला कधी असं भ्यायला झालंय का?  मला खोकला आला तरी वाटायचं, पायल खोकत असेल.

अकराच्या सुमाराला मॅडम परत आल्या. वाटेतच त्यांना कळलं होतं. त्या घरीही गेल्या नाहीत, पिशवीसकट आमच्या दारात. पायरीवरूनच विचारलं, "काका, पोरं कुठं गेलीत?"

मी म्हणालो, "लांब."

"लांब म्हणजे कुठं?"

"लांब म्हणाली."

"गडाचं नाव काय सांगितलं?"

"मॅडम, ते आम्ही विचारत नाही."

त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "काका, सह्याद्रीत शेकड्यानं गड आहेत. माझ्या ओळखीची माणसं आहेत त्यातल्या कितीतरी गावांत. आत्ता एका फोनवर उठून जातील. पण मी त्यांना सांगू काय? लांब नावाचा गड कुठला?"

मंडळी, माझी सून आत देवासमोर बसलेली. तिनं ते ऐकलं आणि जी रडायला लागली ना. पोलिसांकडं जायचं म्हटलं तर तेही पहिला प्रश्न तोच विचारणार. ऋतुजाच्या वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, "न्हाई बा, आमी बी न्हाई इचारलं. निघताना कोण इचारतंय?" तीन घरांतली तीन पोरं, आणि ती पृथ्वीवर कुठं आहेत हे एकाही घराला माहीत नाही. आणि तिन्ही घरांनी हे पोरांच्या भल्यासाठीच केलेलं.

आम्ही नंदीशच्या घरी गेलो. मॅडम, गुरुराज आणि मी. मला चालवत नव्हतं, पण घरी बसवतही नव्हतं. तिथं सगळी भावकी गोळा झालेली. नंदीशचे वडील, काका, शेजारी, सगळे सोप्यात. आणि सगळ्यांचं बोलणं एकाच माणसावर चाललेलं. नंदीशची आत्या, धनलक्ष्मी. विजापूरला असते, सणासाठी माहेरी आलेली. ती स्वयंपाकघरात दाराआड भिंतीला टेकून बसली होती, तोंडाला पदर लावून.

मॅडमनी विचारलं, "घरात कुणालाच सांगून गेला नाही का नंदीश? कुणी विचारलं नाही का?"

नंदीशचे काका एकदम उसळले. "विचारलं की! या बाईनं विचारलं, म्हणून तर हे झालं! पोरगं उंबरा ओलांडतंय आणि ही मागून ओरडली, एल्लिगे रे! मी तिथंच म्हटलं, केलंस का कुठं! परत आत घेतला, बसवला, पाणी पाजलं, मग सोडला. पण एकदा जीभ चालली ती चाललीच."

वडील म्हणाले, "काल रात्रीपासून हेच सांगतोय तिला. कळत नाही का, या वयाला?"

आणि मंडळी, खरं सांगतो, माझ्याही मनात तेच आलं. मीही त्या बाईकडं तसंच बघितलं. तिनंच केलं.

मॅडम सोप्यातून आत गेल्या. स्वयंपाकघराच्या दारात खाली बसल्या, तिच्यासमोर, मांडी घालून. म्हणाल्या, "आत्या, तुम्ही विचारलंत. मग त्यानं काय सांगितलं?"

सोप्यातली सगळी माणसं दाराकडं वळली. इतकी माणसं रात्रीपासून त्या बाईला बोलत होती. तू विचारलंस, तू विचारलंस. पण त्यानं उत्तर काय दिलं, हे कुणीही विचारलं नव्हतं. कुणाच्या डोक्यातच आलं नाही की जिनं विचारलं तिला उत्तरही मिळालं असेल.

धनलक्ष्मीबाईंनी पदर काढला. डोळे सुजले होते रडून. म्हणाल्या, "पाणी पिताना कानात सांगितलं त्यानं. म्हणाला, आत्ती, तू चिडू नको, मी सांगतो. गडाचं नाव सांगितलं. मागच्या अंगानं चढणार म्हणाला, पाण्याच्या टाक्याच्या वाटेनं. खालच्या गावात देवळात पिशव्या ठेवणार. शनिवारी रात्री घरी. पण मी बोलले नाही हो कुणाला. म्हटलं, आधी विचारून एवढं झालं, आता सांगून अजून काय होईल."

गडाचं नाव मी इथं घेत नाही. घेतलं तर उद्या समोरच्या रांगेतली अर्धी पोरं तिथंच जातील. मला माहीत आहे त्यांना.

मॅडमनी तिथंच, स्वयंपाकघराच्या दारात बसून फोन लावला. गावातल्या माणसाला. "देवळात पिशव्या आहेत का बघा. तीन. असतील तर पोरं वरच आहेत. मागच्या अंगानं जा, शिट्ट्या घेऊन जा." पाचेक मिनिटांत उलटा फोन. पिशव्या देवळात आहेत. शनिवारपासून आहेत. पुजाऱ्याला वाटलं, कुणीतरी विसरून गेलं.

त्या फोनपासून पुढचं काही मला नीट आठवत नाही. नंदीशच्या वडिलांनी मला चहा दिला तो मी हातात धरून ठेवला, एवढं आठवतं. पिशव्या तिथं आहेत म्हणजे पोरं गडावर आहेत. पण कशी आहेत? गडावर आहेत, की गडाच्या खाली आहेत? खाली म्हणजे दरीत. माझ्या डोक्यात तेच. मॅडम फोन कानाला लावून येरझारा घालत होत्या. त्यांचाही चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. त्याही भ्यायल्या होत्या, आणि तरी त्यांचा आवाज एकदाही कापला नाही.

ऊन कलायच्या आत फोन आला. शिट्टीला शिट्टी मिळाली होती.

झालं असं होतं. शनिवारी उतरताना धुकं आलं, पुढचं माणूस दिसेना. वाट चुकली. घसाऱ्यावर, सुट्या मुरमावर, पायलचा पाय सटकला आणि घोट्याचं हाड मोडलं. नंदीश म्हणाला, मी या घळीतून खाली जातो, माणसं आणतो. पायलनं त्याची कॉलर धरली. म्हणाली, "मॅडम काय म्हणाल्यात? हरवलास तर बस. धुक्यात घळीत उतरायचं नाही. घळीच्या खाली कडा असतो." तिघं कपारीत बसली. ताडपत्रीचा तुकडा होता, आमच्याच दुकानातला, तो पांघरला. कडक भाकरी खाल्ली, चटणीला हात लावला नाही. रात्रभर आळीपाळीनं शिट्टी वाजवली. खालच्या गावातली माणसं मग मला म्हणाली, त्या घळीच्या खाली खरंच कडा आहे. सरळ. नंदीश उतरला असता तर...

मी पुढचं बोलत नाही. त्याची आई समोर बसली आहे.

पायलचा पाय प्लास्टरमध्ये घरी आला. मी तिच्या खाटेजवळ बसलो आणि एवढंच विचारलं, "पोरी, तुला मॅडमनी शिकवलं होतं ना, घरी सांगून जायचं? मग का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "अज्जा, मी दारात थांबले होते. नाडी दोनदा बांधली. वाटलं, तुम्ही विचाराल. आपण होऊन सांगितलं असतं तर तुम्हाला अपशकून वाटला असता, दिवसभर घाबरून बसला असता. म्हणून नाही सांगितलं."

मी घाबरू नये म्हणून तिनं सांगितलं नाही. तिला काही होऊ नये म्हणून मी विचारलं नाही. दोघंही एकमेकांना जपत होतो, आणि मधे पोरगी कपारीत.

त्यानंतर मी जाहीर केलं, डोंगर बंद. दोर बंद, खाण बंद, रविवार बंद. पाय बरा झाला, तरी बंद. तर या मॅडम घरी आल्या. माझी समजूत घालतील असं वाटलं होतं. घातली नाही. म्हणाल्या, "काका, भीती वाटते ना? वाटू दे. मला रोज वाटते. ज्याला भीती वाटत नाही त्याला मी दोर धरायला देत नाही. पण भीती नुसती घेऊन बसू नका, कामाला लावा." मी विचारलं, कामाला कशी लावायची? म्हणाल्या, "ते तुम्हीच शोधा." आणि चहा पिऊन गेल्या.

वर्षभर शोधतोय. आज मॅडम चालल्यात, आणि मला एकच भीती सगळ्यात मोठी वाटतेय. हिमालयाची नाही. हिमालयाची पण वाटतेय, खोटं कशाला बोलू, तिथं बर्फ असतो, बर्फाखाली भेगा असतात, असं पायलनं सांगितलं आणि दोन रात्री मी जेवलो नाही. पण मोठी भीती ही, की या गेल्यावर सोलापुरात पायरीवर उभं राहून "कुठं?" असं विचारणार कोण?

अध्यक्ष महाराज, मी वेळ फार घेतला. दोनच कामं राहिलीत.

पहिलं. मंडळानं मॅडमसाठी शाल आणि नारळ आणलाय, तो शिवानंद सरांच्या हस्ते दिला जाईल, ते योग्यच. पण दुसरी एक शाल मी दुकानाच्या पिशवीतून आणली आहे. धनलक्ष्मीबाई, तुम्ही विजापूरहून आलात आणि मागच्या रांगेत जाऊन बसलात. मी आल्यापासून बघतोय. पुढं या. नंदीश, आत्तीला हात दे, त्या पायरीचा दगड हलतो. ज्या बाईनं "कुठं" केलं, तिची ही शाल. तिच्या भावानं ती तिच्या खांद्यावर घालावी, अशी माझी विनंती आहे. घाला हो. लाजताय काय? तेव्हा रात्रभर बोलायला लाजला नाहीत.

दुसरं काम. पायल, ऊठ. इकडं ये, जवळ.

मंडळी, माझ्या बापानं, आजोबानं कधी केलं नाही ते करतोय. देव मला क्षमा करो.

पायल, कुठं निघालीस?

मोठ्यानं बोल, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. मनालीला. बरं. तिथून? तिथून वरच्या तळावर. कुणाबरोबर? मॅडमबरोबर. फोन लागणार नाही ते दिवस कुठले? तळावरून वर गेल्यावर. मग निरोप कोण देणार? शिबिरातली माणसं, त्यांचा नंबर तुझ्या वडिलांकडं आणि माझ्याकडं, दोघांकडं. परत कधी? पुढल्या महिन्यातल्या अमावास्येच्या आधी. अमावास्येपर्यंत आली नाहीस तर मी कुणाला विचारायचं? मॅडमना. मॅडम, ऐकलंत?

डबी उघडतोय. ही विभूती, आणि हे तुझं कपाळ.

काय म्हणालीस? काय विचारलंस?

मंडळी, ती मला विचारतेय, "अज्जा, निघू?"

खालच्यानं उत्तर दिल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत यांच्यात.

नीघ, पोरी. नीघ. आणि ये.

तर, आपण सगळ्यांनी माझं हे लांबलेलं बोलणं ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी घंटा हातात असून वाजवली नाही, मॅडमनी एका भित्र्या माणसाला हेल्मेट घालून सावलीत बसू दिलं, सर्वांचे उपकार. सातवीच्या माणसाच्या बोलण्यात कुणाला मान द्यायचा राहिला असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर लेकरू समजून नाही, म्हातारा समजून पोटात घाला.

आणि एका गोष्टीची माफी आधीच मागून ठेवतो. कार्यक्रम संपला की मी दारात उभा राहणार आहे. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारणार आहे, "कुठं?" कुणी बार्शीला चाललं असेल, कुणी अक्कलकोटला, कुणी इथंच कोपऱ्यावर घरी. रागावू नका, परत आत जाऊन पाणी पिऊ नका. नीट सांगा, कुठं, कुठल्या रस्त्यानं, कधी पोचणार. आणि पोचल्यावर दुकानात एक फोन करा. तोवर मला झोप लागणार नाही.